कार्बनचं पातं विमानापर्यंत पोचायला पंचवीस वर्षं का लागली?

सांगलीच्या एका अंतिम वर्षाच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यानं विचारलंय, ते थोडक्यात असं: विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या संशोधनावर अब्जावधी डॉलर ओततात, तरी पुढच्या मोठ्या पंख्याचं पातं धातूऐवजी कार्बन फायबरचं करायला इतकी वर्षं का गेली? मोटारींमध्ये तर दरवर्षी काहीतरी नवीन येतं. या कंपन्यांच्या 'आर अँड डी'मध्ये माणसं दिवसभर करतात तरी काय? आणि त्यांच्या भारतातल्या सेंटरमध्ये खरं संशोधन होतं की नुसती कारकुनी?

मी कंपोझिटमधला माणूस. म्हणजे कार्बनचा धागा आणि रेझिन (धाग्यांना बांधून ठेवणारी, पिकवल्यावर कडक होणारी राळ) मिळून जे भाग बनतात त्यांतला. सुरुवात टेस्ट लॅबमध्ये झाली, मधली वर्षं बंगळुरूत एका परदेशी कंपनीच्या डिझाइन गटात गेली, आता पुरवठादारांच्या बाजूला आहे. त्यामुळे माझं उत्तर त्या खिडकीतून दिसेल तेवढंच. सॉफ्टवेअर किंवा एव्हिऑनिक्सवाला, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्स करणारा, कदाचित वेगळं सांगेल.

संशोधन म्हटलं की लोकांना शोध आठवतो. आमच्या धंद्यात शोध हा सगळ्यात स्वस्त टप्पा असतो. चार हुशार माणसं, एक लॅब, दोन-तीन वर्षं, एवढ्यात एखादी नवी कल्पना टेबलावर चालताना दिसते. मग ती वस्तू कशानं तुटते, किती वेळा ताण दिल्यावर तुटते, पावसात-उन्हात दहा वर्षं राहिल्यावर तिचं काय होतं आणि दहा हजारावा नग पहिल्या नगासारखाच निघतो का, हे दाखवायचं असतं. वेळ आणि पैसा खातो तो हा भाग. कंपनी खरी अडचणीत येते ती हे दाखवून व्हायच्या आत माल विकून बसते तेव्हा.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण तुमच्या प्रश्नातच आहे.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत भक्कम कार्बन फायबर तयार झालं. रोल्स-रॉइसनं त्यावरून 'हायफिल' नावाचं स्वतःचं कंपोझिट बनवलं. १९६८ मध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी इंजिन द्यायचा करार त्यांनी मिळवला आणि त्या आरबी-२११ इंजिनाच्या पंख्याला हायफिलची पाती लावायचं ठरवलं. कारण उघड होतं. मोठ्या पंख्याचं पातं फिरताना बाहेर फेकलं जाऊ पाहतं, त्याच्या बुडाशी कित्येक टनांची ओढ असते. पातं हलकं झालं की त्याला धरून ठेवणारी चकती हलकी होते. तुटलेलं पातं अडवायचं काम बाहेरच्या केसिंगचं, तेही हलकं होतं. मग इंजिन टांगायचा पायलॉनसुद्धा. एका किलोची बचत अशी पुढेपुढे झिरपत जाते. कागदावर हे गणित अजूनही इतकं गोड दिसतं की कुठल्याही व्यवस्थापकाला मोह पडावा.

पण त्याच इंजिनात तीन शाफ्टची नवी रचना होती, कंपनीनं तोवर इतक्या ताकदीचं इंजिन बनवलं नव्हतं, किंमत ठरलेली होती आणि तारीखही. म्हणजे एका करारात तीन-चार न सिद्ध झालेल्या गोष्टी.

मे १९७० मध्ये पक्ष्याची टेस्ट झाली. फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी तोफेनं मारतात. हायफिलची पाती फुटली. कार्बन कंपोझिटचा स्वभावच तसा आहे. पत्र्याचा डबा पडला तर त्याला पोचा येतो, चिनी मातीची बशी फुटते. धातू वाकून आघात पचवतो. त्या काळचं ठिसूळ इपॉक्सी रेझिन वाकत नव्हतं, थर एकमेकांपासून सुटत आणि पातं विस्कटून जाई. ताणाच्या ठरलेल्या दिशेत तेच पातं उत्तम होतं. आडव्या दिशेनं अचानक बसणाऱ्या धडकेत ते कामाचं नव्हतं.

टायटॅनियमच्या पात्याचं काम शेजारी चालू ठेवलेलं होतं, म्हणून इंजिन तरी वाचलं. कंपनी वाचली नाही. सप्टेंबर १९७० पर्यंत विकासाचा खर्च १७ कोटी पौंडांवर गेला होता, मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. एकेक इंजिन बनवायला लागणारा पैसा विक्रीच्या किमतीहून जास्त झाला होता. ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स-रॉइसनं हात वर केले आणि एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारला, खासगी उद्योगाचे गोडवे गाणाऱ्या सरकारला, ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. निवृत्त झालेल्या स्टॅन्ली हूकर यांना परत बोलावलं, त्यांनी जुनीजाणती माणसं गोळा करून इंजिन मार्गी लावलं आणि एप्रिल १९७२ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सची ट्रायस्टार विमानं प्रवासी घेऊन उडाली. आजची ट्रेंट इंजिनं त्याच घराण्यातली.

कार्बनच्या पात्यानं रोल्स-रॉइस बुडवली असं सरसकट सांगतात, ते अर्धसत्य आहे. इंजिनाची ताकद ठरल्यापेक्षा कमी भरत होती, वजन वाढलं होतं, करारात भाववाढीची सोय तुटपुंजी होती. पात्याची चूक वेगळ्या जातीची होती. जी वस्तू अजून लॅबच्या ताब्यात होती तिच्यावर त्यांनी डिलिव्हरीची तारीख टाकली. लॅबमध्ये कोंबडीनं पातं फोडलं तर तो त्या दिवसाचा निष्कर्ष असतो, फोटो काढायचे, अहवाल लिहायचा, पुढचं पातं जाड करायचं. तेच डिलिव्हरीच्या वेळापत्रकात घडलं तर बँकेचा फोन येतो.

आता पुढचा धागा अमेरिकेत जातो. जनरल इलेक्ट्रिकनं, म्हणजे जीईनं, १९८० च्या दशकात जीई-३६ नावाचं उघड्या पंख्याचं इंजिन केलं, बाहेर आवरण नसलेलं, वाकड्या कार्बन पात्यांचं. नासाचा त्यात सहभाग होता. १९८६ मध्ये ते बोइंग ७२७ ला लावून उडवलंही. इंधन वाचत होतं, पण तेलाचे भाव पडले, विमान कंपन्यांचा रस गेला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. हिशेबाच्या वहीत तो तोटाच. पण मोठी कार्बनची पाती कशी घडवायची, उडताना ती कशी वागतात, याचं ज्ञान असलेली माणसं कंपनीतच होती. बोइंग ७७७ साठी जीई-९० इंजिन करायला घेतलं तेव्हा तेच ज्ञान कामी आलं. त्या इंजिनाचा गाभाही नासाच्या पैशातून आधी झालेल्या इंधनबचतीच्या इंजिन कार्यक्रमावर बेतलेला होता. कंपन्यांचं संशोधन संपूर्ण कंपन्यांच्या पैशावर चालतं हा समज इथे सोडून द्या. तळातल्या, सगळ्यात अनिश्चित टप्प्यांवर जवळजवळ सगळीकडे सरकारी पैसा असतो. फार्नबरोतही तेच होतं.

जीई-९० मध्ये काय बदललं? रेझिन बदललं, चिवट बनवलेलं इपॉक्सी आलं, थर सहज सुटेनात. पात्याच्या पुढच्या धारेवर टायटॅनियमची पट्टी चिकटवली, म्हणजे पहिला तडाखा धातू खातो. पाती रुंद आणि जाड केली, संख्येनं फक्त २२. संगणकावर धडकेचं गणित करता येऊ लागलं होतं, जे १९७० मध्ये शक्य नव्हतं. मोठ्या इंजिनाला आता साडेतीन किलोहून जड पक्षी खाऊन दाखवावा लागतो, ताशी साधारण ३७० किलोमीटरनं मारलेला, पंखा उड्डाणाच्या वेगानं फिरत असताना. हे सगळं पार करून नोव्हेंबर १९९५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानावर जीई-९० प्रवासी सेवेत आलं. १९७० ची टेस्ट आणि १९९५ ची सेवा, तुमची पंचवीस वर्षं ही अशी. पुढे जीईएनएक्स इंजिनात पाती १८ झाली, जीई-९-एक्समध्ये १६.

आणि रोल्स-रॉइस? त्यांनी पोकळ टायटॅनियमची रुंद पाती शोधून काढली आणि १९८४ पासून त्यावर उत्तम धंदा केला. कार्बनच्या पात्यांकडे ते सावकाश परतले. डर्बीला २०२३ मध्ये पहिल्यांदा चालवलेल्या अल्ट्राफॅन या प्रात्यक्षिक इंजिनाचा पंखा कार्बन-टायटॅनियमचा आहे. बघा, प्रात्यक्षिक इंजिन. कुठल्याही विमानाच्या तारखेला ते बांधलेलं नव्हतं. धडा घेतला म्हणायचा तर हाच.

तुमचा दुसरा प्रश्न, दिवसभर करतात काय. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

कंपोझिटच्या भागाची सिद्धता पिरॅमिडसारखी रचतात. तळाला हजारो छोट्या पट्ट्या, त्यांना आम्ही कूपन म्हणतो. त्याच्या वर छोटे जोड, मग मोठे तुकडे, मग अख्खा भाग, टोकाला अख्खं इंजिन किंवा विमान. बातमीत टोक दिसतं, लोकांची आयुष्यं तळात जातात.

कूपन कसं बनतं ते बघा. रेझिन लावलेलं कार्बनचं कापड, ज्याला प्रीप्रेग म्हणतात, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये असतं. बाहेर काढलं की पिशवी लगेच फोडायची नाही, आतला रोल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, नाहीतर हवेतलं पाणी कापडावर बसतं आणि भट्टीत त्याचे बुडबुडे होतात. फ्रीझरबाहेर किती तास राहिला याची नोंद प्रत्येक रोलला चिकटवलेली असते, मर्यादा संपली की रोल कचऱ्यात, कितीही महाग असो. मग थर रचायचे, ऑटोक्लेव्हमध्ये दाब आणि उष्णता देऊन पिकवायचे, ध्वनिलहरींनी आत पोकळी आहे का बघायचं, हिऱ्याच्या चकतीनं कापायचं, टोकांना पकडीसाठी टॅब चिकटवायचे, मधोमध पट्टी किती ताणली ते मोजणारा स्ट्रेन गेज. काही कूपनं तशीच तोडतात. काही आधी ७० अंशांच्या दमट कपाटात ठेवतात, पाणी पिऊन तट्ट होईपर्यंत. याला आठवडे लागतात, कधी महिने. सोबत ठेवलेल्या एका तुकड्याचं ठरावीक दिवसांनी वजन करायचं आणि ते वाढायचं थांबलं की पुढं जायचं. कुणालाही घाई करता येत नाही. वरचा साहेब अमेरिकेतून फोनवर ओरडला तरी कार्बनच्या पट्टीत पाणी त्याच्याच गतीनं शिरतं.

मग मशीनमध्ये धरून ओढायचं किंवा दाबायचं. तुटल्यावर आकडा लिहायच्या आधी तुकडा हातात घेऊन बघायचा: कुठं तुटला? पकडीजवळ तुटला असेल तर तो आकडा पदार्थाचा नाही, तुमच्या पकडीचा आहे. तुटण्याच्या प्रकारासाठी तीन अक्षरी सांकेतिक खुणा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे भरणारा टेक्निशियन हा लॅबमधला सगळ्यात मोलाचा माणूस. हे आकडे मग सांख्यिकीत जातात. डिझाइनरला सरासरी ताकद कधीच देत नाहीत. 'बी-बेसिस' म्हणून एक किंमत देतात: ९५ टक्के खात्रीनं सांगता यायला हवं की शंभरातले किमान नव्वद नमुने याहून भक्कम असतील. जिथं एकच भाग सगळा भार घेतो तिथं याहून कडक 'ए-बेसिस', शंभरातले नव्याण्णव. आकडे विखुरलेले आले, एखादी बॅच ढिली निघाली, की ही किंमत धाडकन पडते आणि भाग जाड करावा लागतो. हलकेपणासाठी कार्बन घेतलं आणि विखुरलेल्या आकड्यांनी सगळी बचत खाल्ली, असे प्रकल्प मी पाहिलेत.

चिकटवलेले जोड तर आणखी नाजूक. चिकटवण्याआधी पृष्ठभागावर शुद्ध पाणी ओततात. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ठीक, थेंब होऊन फुटला तर कुठंतरी तेलकट अंश आहे. एका पुरवठादाराकडे जोड मध्येच कमजोर येऊ लागले, कारण महिनाभर सापडेना. शेजारच्या शेडमध्ये साच्यांना सिलिकॉनचा फवारा मारत होते आणि हवेतून तो इकडे येत होता. भिंत बांधली, दार बदललं, आणि तोवर बनलेले सगळे भाग पुन्हा तपासले. तुम्ही याला संशोधन म्हणाल का? कंपनी म्हणते, आणि माझ्या मते बरोबर म्हणते.

आणखी एक टेस्ट नवख्यांना नेहमी चकित करते. मेकॅनिकच्या हातून पाना पडला तर कार्बनच्या पृष्ठभागावर बाहेरून डाग दिसेलच असं नाही, आत मात्र थर सुटलेले असतात. म्हणून विमानाच्या ढाच्याचा भाग मुद्दाम असा आघात करून, डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढी इजा ठेवून, त्याच अवस्थेत पूर्ण भार पेलून दाखवतो. धातूच्या विमानात वाढलेल्या माणसांना हा विचार पचायला वेळ लागला.

शेवटी अख्खं इंजिन. पाऊस, गारा, पक्षी. आणि सगळ्यात भयंकर, पातं तोडायची टेस्ट: पंखा पूर्ण वेगात असताना एका पात्याच्या बुडाशी स्फोटक लावून ते मुद्दाम तोडतात आणि केसिंगमधून काही बाहेर यायला नको, इंजिन जागेवरून सुटायला नको. कार्बनच्या पात्यांसाठी अमेरिकेच्या नियामकाला या टेस्टबाबत विशेष अटी काढाव्या लागल्या, कारण मूळ नियम धातू डोळ्यापुढे ठेवून लिहिलेले होते. नवीन पदार्थ आणला की नियमसुद्धा नवा घडवावा लागतो, आणि तो घडवण्यासाठी लागणारे पुरावेही कंपनीनंच आणायचे.

नासानं १९७० च्या दशकात तंत्रज्ञानाच्या तयारीची पट्टी काढली, आज ती नऊ पायऱ्यांची आहे. एक म्हणजे तत्त्व कळलं, नऊ म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत चालून दाखवलं. शहाण्या कंपन्या सहाव्या पायरीखालच्या वस्तूला विक्रीच्या कार्यक्रमात शिरू देत नाहीत. निदान पॉवरपॉइंटमध्ये तरी. प्रत्यक्षात चौथ्या पायरीला सहा म्हणायचा दबाव कसा येतो हे प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक असतं.

हे नीट केलं तर कसं दिसतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे सिरॅमिक कंपोझिट. सिलिकॉन कार्बाइडचा धागा सिलिकॉन कार्बाइडमध्येच बसवलेला. निकेलच्या मिश्रधातूच्या साधारण एक तृतीयांश वजन, आणि त्याहून जास्त उष्णता सोसतो. जीईनं यावर १९८० च्या दशकापासून काम केलं, विमानात घालण्याआधी वीज बनवणाऱ्या जमिनीवरच्या टर्बाइनमध्ये ते चालवून पाहिलं, आणि २०१६ मध्ये लीप इंजिनात, फक्त एका न फिरणाऱ्या भागात, टर्बाइनभोवतीच्या कड्यात, घातलं. पाती नाहीत, चकती नाही, कडं. ते तुटलं तरी विमान पडत नाही. विजेचा आणि विमानाचा धंदा एका छताखाली असल्याचा तो फायदा होता. २०२४ मध्ये त्या दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या. भागधारकांना बरं वाटलं असेल. हा जवळचा रस्ता मात्र अरुंद झाला असं मला वाटतं.

आणि नीट करूनही कुठं फसतं? प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं इंजिन. पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये साधारण तीनास एक असा गिअर, म्हणजे पंखा सावकाश आणि टर्बाइन जोरात फिरते, दोघंही आपापल्या सोयीच्या वेगात. सगळ्यांना भीती गिअरचीच होती, एवढी ताकद वर्षानुवर्षं वाहून नेणार का. कंपनीनं त्यावर दोन दशकं घालवली. जानेवारी २०१६ मध्ये लुफ्तान्झाच्या विमानावर इंजिन आलं आणि गिअर व्यवस्थित चालला. त्रास बाकीच्या ठिकाणांहून आला: सुरुवातीला इंजिन चालू व्हायला लागणारा वेळ, मग सील, पाती, ज्वलनकक्ष. आणि जुलै २०२३ मध्ये सगळ्यात मोठा दणका: २०१५ ते २०२१ या काळात बनलेल्या काही चकत्यांच्या निकेलच्या चूर्णात अशुद्धी असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. चूर्ण दाबून आणि घडवून चकती बनते, त्यात एक बारीक परका कण राहिला की तिथून तडा सुरू होऊ शकतो. चकती फुटली तर तिला कुठलंही केसिंग अडवू शकत नाही. म्हणून शेकडो इंजिनं विमानांवरून उतरवून तपासावी लागली, प्रॅटच्या मूळ कंपनीला त्या तिमाहीत सुमारे ३ अब्ज डॉलरचा फटका बसला. आपल्याकडे इंडिगोची विमानं जमिनीवर उभी राहिली. मुंबईच्या गो फर्स्टनं त्याआधीच, मे २०२३ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज करताना याच इंजिनांकडे बोट दाखवलं होतं. प्रॅटला ते मान्य नव्हतं.

चूर्णाच्या चकत्या नव्या नव्हत्या, दशकानुदशकं वापरात होत्या. म्हणूनच मी तरुणांना सांगतो की पेटंट मोजून कंपनीचं संशोधन जोखू नका. नव्या कल्पनेवर सगळ्यांची नजर असते, जुन्या प्रक्रियेत कालच्यापेक्षा आज काय वेगळं झालं हे बघणारा माणूस कमी पगारावर असतो.

मोटारींचं सांगतो, थोडक्यात. गाडी बिघडली तर रस्त्याकडेला लागते, म्हणून तिथं नवीन गोष्ट लवकर आणता येते आणि ग्राहकाच्या हातात सुधारता येते. पण जिथं बिघाडातून जीव जातो तिथं मोटारीही विमानाच्याच वाटेनं जातात. २०२२ मध्ये पुण्यासकट देशात ठिकठिकाणी ई-स्कूटरी पेटल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, एका सेलला आग लागली तर शेजारच्या सेलचं काय, हे दाखवणं आलं. पुण्यातले लोक ज्या टेकडीवर फिरायला जातात तिच्यावरची एआरएआय, म्हणजे १९६६ पासूनची वाहन संशोधन संस्था, अशाच टेस्ट करते. विमानवाल्यांनीही हा धडा महागात शिकलाय: जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टनला जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ मध्ये लिथियम बॅटरी पेटली, नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसरं विमान तातडीनं उतरवावं लागलं, आणि जगभरातली सगळी ७८७, एअर इंडियाचीसुद्धा, महिनोन्‌महिने उभी. आधीच्या टेस्टमध्ये सेलमध्ये खिळा खुपसून पाहिला होता आणि आग शेजारी जात नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात गेली. शेवटी बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर विमानाबाहेर सोडणारी नळी बसवली.

आता तिसरा प्रश्न, भारतातली सेंटरं. तुम्हाला दोन टोकांची उत्तरं मिळाली असतील. एक, तिथं जगातलं सगळ्यात पुढचं काम चालतं. दोन, एक्सेल भरतात. दोन्ही खरी आहेत, कधीकधी एकाच मजल्यावर. ताणाचं विश्लेषण, ड्रॉइंग, कारखान्यात चुकलेला भाग वापरता येईल का याचा निर्णय, दुरुस्तीच्या पद्धती, हे काम बंगळुरूत भरपूर होतं आणि ते हलकं नाही. जीईचं बंगळुरूतलं तंत्रज्ञान केंद्र २००० सालापासून आहे, तिथल्या लोकांची नावं खऱ्या पेटंटांवर आहेत. पण मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही त्यांनाच विचारा: अंतिम सही कुणाची? डिझाइन मंजूर करायचा अधिकार जिथं असतो तिथंच टेस्टचे कच्चे आकडे, अपयशाचे अहवाल आणि जुनी भांडणं जमा होतात, आणि शिकायला मिळतं ते त्यातून. काही गटांना हा अधिकार मर्यादित स्वरूपात इथं मिळालाय. त्या गटात जायला मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी जा.

स्वतःचं काय, हेही विचारलंय असं धरतो. तेजसचा ढाचा वजनानं ४५ टक्के कंपोझिटचा आहे आणि ते काम आपल्याच सरकारी संस्थांनी केलं. पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये आणि अंतिम परवानगी २०१९ मध्ये, म्हणजे सिद्ध करण्याचा काळ आपल्यालाही सुटला नाही. तेजससाठी आपल्याकडे करायला घेतलेल्या कावेरी इंजिनाची गोष्ट अधिक बोलकी. लोक त्यातल्या धातूविज्ञानाबद्दल बोलतात, ते खरंच अवघड आहे. पण ते इंजिन उडवून बघायला २०१० मध्ये रशियात न्यावं लागलं, तिथल्या इल्यूशिन विमानाला लावून, कारण आपल्याकडे त्यासाठीचं विमान नव्हतं आणि उंचीवरची हवा जमिनीवर निर्माण करणारी तशी सोयही नव्हती. टेस्ट करायला परदेशी रांगेत उभं राहायचं म्हटलं की एका वर्षात दहा चुका शिकायच्या तिथं एक शिकता येते.

खासगी कंपन्यांचं बळ आपल्याकडे आजवर बनवण्यात आहे. विक्रोळीला गोदरेज इस्रोचं 'विकास' नावाचं रॉकेट इंजिन बनवतं, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारीची आवरणं होतात, नागपूरला बोइंग ७८७ च्या तळाचे कंपोझिट बीम होतात. (१९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, हे आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात सांगितलं की कुणाला पटत नसे.) दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर बनवणं म्हणजे कमीपणा नव्हे. तिथं प्रक्रिया गोठवलेली असते: भट्टी बदलली, कापडाचा पुरवठादार बदलला, अगदी चिकटपट्टीचा ब्रँड बदलला तरी पुन्हा मंजुरी. ही शिस्त अंगी लागलेली माणसं असल्याशिवाय स्वतःचं डिझाइन सिद्ध करता येत नाही. पण तिथून पुढची पायरी, स्वतःच्या पैशानं कूपनांचा तळ रचायची, आपले उद्योग क्वचित चढतात, कारण त्यातून पाच वर्षं काहीच विकता येत नाही.

तुम्ही अंतिम वर्षाला आहात, म्हणून व्यवहाराचं: पहिली नोकरी शक्यतो टेस्ट लॅबमध्ये घ्या, पुण्यात त्या भरपूर आहेत, विमानाच्याच हव्यात असं नाही. फायनाइट एलिमेंट, म्हणजे संगणकावर ताणाचं गणित, सगळ्यांना येतं. तुटलेला तुकडा वाचता येणारे कमी असतात. सांख्यिकीचा एक पेपर मनापासून करा, वायबुल वितरण म्हणजे काय ते हातानं काढून बघा. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला ड्रोन बनवणार असाल तर त्याच्या हाताचा कार्बन ट्यूब एकच न घेता वीस घ्या, सगळे तोडा, सगळ्यात कमजोर किती भाराला तुटला ते लिहा. मुलाखतीत तो तक्ता समोर ठेवलात तर निदान माझ्यासारखा मुलाखत घेणारा मार्कशीट उघडणार नाही.